आधी चालू तर दे!

वार्षिकाचा अंक जवळ आला की संपादक-मंडळातील मुले लेखासाठी आमच्या मागे लागतात, आणि आम्ही दर वर्षी त्यांना ‘पाहू’ हे एकच उत्तर देतो. यंदा मात्र एका धीट मुलीने विषयच आमच्या हाती ठेवला. ‘सर, दोन वर्षांपूर्वीच्या त्या निकालाच्या दिवसाबद्दल लिहा की,’ ती म्हणाली. आम्ही तिच्याकडे रोखून पाहिले. चेहरा अगदी निरागस होता. निरागसपणा हे विद्यार्थ्यांचे फार जुने शस्त्र आहे, आणि त्यापुढे शिक्षकाची मात्रा सहसा चालत नाही.

तेव्हा आता ती हकीकत सांगणे आले.

आम्ही इतिहास व मराठी घेऊन कला शाखेचे पदवीधर झालो. यंत्रांशी आमचा ऋणानुबंध म्हणावा तर सायकलीची चेन बसविण्यापुरता. परंतु प्रत्येक शाळेत असा एक अलिखित नियम असतो की, शिक्षक-खोलीत वयाने जो सर्वांत लहान तो आपोआप संगणकतज्ज्ञ समजला जातो. आम्ही तिशी ओलांडली होती; तरीही दुर्दैवाने सर्वांत लहान आम्हीच होतो. त्यातून घरी बसून दोन-चार पुस्तकांच्या आधाराने आम्ही थोडेसे प्रोग्राम लिहिण्यास शिकलो होतो, आणि थोडेसे येणे ही फार धोक्याची अवस्था असते. घरची भाषा कोकणी, फळ्यावरची मराठी, आणि यंत्राची या दोहोंपैकी एकही नव्हे. अशा त्रिस्थळी यात्रेत आम्ही रमून गेलो होतो.

मुख्याध्यापकांनी विचारले, पाचवी ते नववीच्या गुणपत्रिका संगणकावर तयार होतील काय? आम्ही हो म्हटले. दर वर्षी एप्रिलात सगळा शिक्षकवर्ग पाठीचा कणा मोडेस्तोवर गुणांच्या बेरजा करीत बसे. त्यातून सर्वांची सुटका करण्याचे पुण्य आम्हांस लाभणार होते. बेत साधा होता. प्रत्येक विषयशिक्षकाने स्प्रेडशीटच्या एका लांबच लांब तक्त्यात विद्यार्थ्याचे नाव, विषय आणि गुण एका ओळीत लिहावेत. मग आमच्या प्रोग्रामने एकेका विद्यार्थ्याचे एकेका विषयाचे गुण त्या तक्त्यातून शोधून गुणपत्रिकेवर उतरवावेत आणि बेरीज करावी. दहा काल्पनिक विद्यार्थी घेऊन आम्ही त्याची चाचणी केली. सुमारे एका सेकंदात दहाही गुणपत्रिका तयार! त्या क्षणी आम्हांस जे वाटले ते प्रथमच पोहता आलेल्या मुलालाच ठाऊक.

त्या संध्याकाळी आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला होता. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. आम्ही मोठ्या कौतुकाने त्याला आमची कृती दाखविली. त्याने ती पाहिली, थोडा वेळ गप्प राहिला, आणि एवढेच विचारले, ‘सर, कितल्या भुरग्यांखातीर?’ किती मुलांसाठी?

‘अरे, आधी चालू तर दे! पळवायचे नंतर पाहू,’ आम्ही म्हणालो. इतकेच नव्हे, तर कुठेशी वाचलेले एक मोठ्या माणसाचे मत आम्ही त्याच्या तोंडावर फेकले. डोनाल्ड क्नूथ हे संगणकशास्त्रातील मोठे नाव. १९७४ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी असे बजावले आहे की, अवेळी केलेली वेगाची काटकसर ही सगळ्या अनर्थांचे मूळ असते. हे वाक्य आमच्यासारख्या आळशांना फार आवडते. मुलगा नम्र. तो म्हणाला, ‘बरे सर,’ आणि आईने केलेल्या नेवऱ्या खाऊन निघून गेला.

निकालाचा दिवस उजाडला. पालकांना दहा वाजता बोलाविले होते. आदल्या रात्रीपर्यंत शिक्षकांकडून गुण येत होते, त्यामुळे सकाळी साडेआठ वाजता आम्ही प्रोग्राम सुरू केला आणि चहाला गेलो. चहा घेऊन आलो तेव्हा पडद्यावर काहीच हललेले नव्हते. नऊ वाजले. शिपाई दोनदा येऊन दारातून पाहून गेला. मुख्याध्यापक एकदाच आले, पण ते एकदाच पुरेसे होते. यंत्र बिघडले म्हणावे, तर त्याचा पंखा घोंघावत होता, जणू ते मन लावून काम करीत होते. आणि खरोखरच करीत होते. नऊ वाजून अडतीस मिनिटांनी ते थांबले. आम्ही देवाचे नाव घेऊन पाहिले, तो चौदा विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांत रकाने कोरे! एका शिक्षकाने ‘गांवकर’ लिहिले होते, दुसऱ्याने ‘गावकर’. एकाने ‘लक्ष्मी’, दुसऱ्याने ‘लक्षुमी’. माणूस हा भेद सहज मिटवितो. यंत्राला तो मिटविता येत नाही, आणि मिटवायला आम्ही त्याला शिकविलेही नव्हते. नावे दुरुस्त केली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तासावर आठ मिनिटे. त्यानंतर छपाई.

अंगणात आंब्याखाली पालक उभे होते. कोणी अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला, कोणी फेरीबोट गाठून आलेला. आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलीची आई टोपली शेजारी ठेवून पायरीवर बसली होती. ती मासळी विकते. सकाळचा बाजार हीच तिची कमाई. दुपार झाली की मासळी पडत्या भावाने द्यावी लागते. तिला अक्षर वाचता येत नाही, आकडे तेवढे वाचता येतात, आणि मुलीचे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत म्हणून ती आली होती. साडेअकराला ती उठली. आम्ही धावत जाऊन, आणखी थोडाच वेळ लागेल, असे सांगू लागलो. तिने आमच्याकडे रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. ती हसली आणि म्हणाली, ‘सर, तुमच्या यंत्रापरस म्हजीं बोटां बेगीन मेजतात.’ तुमच्या यंत्रापेक्षा माझी बोटे लवकर मोजतात. टोपली डोक्यावर घेऊन ती गेली. तिची मुलगी शिकलेली बापडी मान खाली घालून उभी होती. तिला नक्की कोणाची लाज वाटत होती, आईची की आमची, हे आम्ही अजून विचारलेले नाही.

त्या रात्री आम्ही झोपलो नाही. कागद घेऊन हिशेब मांडला, जो हिशेब त्या मुलाच्या एका प्रश्नात दडलेला होता.

दहा विद्यार्थी, सहा विषय, म्हणजे तक्त्यात ६० ओळी. आमचा प्रोग्राम एकेक गुण शोधण्यासाठी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालत जाई (सापडल्यावर थांबावे एवढेही आम्ही त्याला सांगितले नव्हते). ६० गुणांसाठी ६० ओळी, एकूण ३,६०० ओळींची चाल. त्याला सेकंदभर लागला. शाळेत विद्यार्थी ६४०. म्हणजे ओळी ३,८४०, आणि प्रत्येक गुणासाठी त्या सगळ्या पहावयाच्या, म्हणजे १ कोटी ४७ लक्ष ४५ हजार ६०० ओळींची चाल. विद्यार्थी ६४ पट झाले, पण काम ६४ पट झाले नाही. ते ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६ पट झाले. ४,०९६ सेकंद म्हणजे तासावर सव्वाआठ मिनिटे. यंत्राने मिनिटाचीही चोरी केली नव्हती. आम्ही सांगितले तेवढे ते इमानाने चालले.

मनात पहिला विचार आला तो नवे यंत्र मागण्याचा. मुख्याध्यापकांना तो पटलाही असता. परंतु दुप्पट वेगाचे यंत्र आणले असते तर आठऐवजी चार असे काही साधले नसते. अडुसष्ट मिनिटांची चौतीस झाली असती, आणि शाळेत आणखी तीनशे मुले आली असती की पुन्हा होते तेथेच. चालणाऱ्याला पळायला लावून काय उपयोग, वाटच चुकीची आखलेली असताना?

वाट म्हटले की आम्हांस मडगावचे स्टेशन आठवते. तेथे दोन रेल्वेमार्ग भेटतात, आणि ते दोन्ही मिळून आम्हांस या विषयावरचा सर्वांत चांगला धडा वाटतात. एक जुना : मुरगावहून निघून कुळे, दूधसागर, कॅसलरॉक असा घाट चढून जाणारा. तो पोर्तुगीज अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधला गेला. घाटात त्याची चढण ३७ मीटरला १ मीटर आहे. दुसरा कोकण रेल्वेचा, जो १९९८ साली पूर्ण झाला. त्याची चढण १५० मीटरला १ मीटरपेक्षा अधिक नाही, आणि वळणे अशी की त्यांची त्रिज्या १,२५० मीटरहून कमी होऊ दिलेली नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा सगळा उंचसखल मुलूख असूनही हे साधले, कारण रुळाचा पहिला तुकडा टाकण्यापूर्वीच ठरले होते की गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने जाऊ शकेल असा मार्ग हवा. त्यासाठी ९१ बोगदे खणावे लागले. जुन्या मार्गाचे पुढे काय झाले पाहा. वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली. १९९० नंतरच्या दशकात मीटरगेज काढून रुंद रूळ टाकले. एवढे सारे बदलले, तरी ३७ला १ ही चढण तशीच राहिली; आणि त्यामुळे घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. इंजिन बदलता येते, डबा बदलता येतो, रूळही बदलता येतो. चढण बदलायची तर डोंगरातून नवीन वाट काढावी लागते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाही तर आमचे भूगोलाचे सहकारी आमचा कान धरतील. कोकण रेल्वे बांधली ती एकेरी. समोरून गाडी आली की स्टेशनात बाजूला थांबणे आले, आणि चतुर्थीच्या दिवसांत हे थांबणे कसे असते ते मुंबईहून येणाऱ्या कोणालाही विचारावे. रोहा ते वीर या भागाचे दुहेरीकरण २०२१ साली पुरे झाले. मग एकेरी बांधली ही चूक झाली काय? आम्हांस तसे वाटत नाही. दोन्ही रूळ एकदम मागितले असते तर पैशाअभावी कदाचित एकही झाला नसता. काय आज हवे, काय उद्या जोडता येईल, आणि काय उद्या जोडताच येणार नाही, हे वेगवेगळे ओळखणे हेच तर आखणाऱ्याचे काम. दुसरा रूळ महाग का होईना, पण नंतर जोडता येतो. चढण तशी नव्हे.

पुढे आम्ही क्नूथसाहेबांचे मत पुन्हा, या वेळी पुरते वाचले, आणि आमचे कान आमच्याच हातांनी धरावेसे वाटले. ते म्हणतात ते क्षुल्लक काटकसरीबद्दल. शंभरातील सत्याण्णव वेळा तिच्या नादी लागू नये, पण उरलेल्या महत्त्वाच्या तीन टक्क्यांत संधी दवडूही नये, असे तेथेच, लगेच पुढे, लिहिलेले आहे. आम्ही अर्धे वचन पाठ करून पंडित झालो होतो. इतिहासाच्या परीक्षेत मुलांनी असे अर्धे अवतरण दिले तर आम्ही त्यांचे गुण कापतो.

मग वाचनाचे वेडच लागले. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने ‘१२०२’ अशी धोक्याची सूचना दिली, ही गोष्ट आम्ही पूर्वी वर्गात सांगत असू, ती अंतराळवीरांच्या धैर्याची म्हणून. आता ती निराळी दिसू लागली. त्या संगणकाची तात्पुरती स्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची; आजच्या साध्या मोबाइल फोनपुढे ती नगण्य. उतरण्याच्या ऐन वेळी एका रडारकडून निष्कारण संकेत येत राहिले आणि यंत्राचा सुमारे १५ टक्के वेळ खाऊ लागले. कामे मावेनात. दुसरे एखादे यंत्र अशा वेळी सरळ बंद पडले असते. परंतु मॅसॅच्युसेट्समधील प्रयोगशाळेत हॅल लॅनिंग या गणितज्ञाने त्या यंत्राची कामे वाटणारी व्यवस्था आखली तेव्हाच प्रत्येक कामाला मानाची पायरी ठरवून दिलेली होती. भार वाढला की यंत्राने स्वतःला क्षणात पुन्हा सुरू करावे, बिनमहत्त्वाची कामे टाकून द्यावीत, आणि यान सांभाळण्याचे काम मात्र सोडू नये. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली लिहिल्या गेलेल्या प्रोग्रामांनी त्या दिवशी नेमके तेच केले, आणि आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन सुखरूप उतरले. उतरत असताना कोणी म्हटले असते की ‘आता जरा वेगाचे पाहू’, तर काय पाहणार होते?

याच्या उलट गोष्ट अमेरिकेचीच, १ ऑक्टोबर २०१३ ची. तेथील सरकारने लोकांना आरोग्यविमा घेता यावा म्हणून एक मोठे संकेतस्थळ उघडले. लाखो लोक आले, आणि पहिल्या दिवसाअखेर नोंदणी पुरी करू शकले फक्त ६ जण. कारणे पुष्कळ होती. पण आम्हांस त्यातले एक फार बोलके वाटले. विम्याचे दर नुसते पाहायचे असले तरी प्रत्येकाने आधी आपली ओळख पटवून खाते उघडावे, अशी आखणी केली होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दारातच जन्माचा दाखला मागावा तसे! जे पाहून परत जाणार होते तेही त्याच अरुंद दारात अडकले, आणि घेणारे त्यांच्यामागे. सहा हा आकडा वाचल्यावर, आमच्या ६४० गुणपत्रिका दुपारी दीडपर्यंत का होईना पण निघाल्या, याचा आम्हांस किंचित अभिमान वाटला. माणसाचे मन मोठे लबाड असते.

पुढच्या जूनमध्ये आम्ही त्या माजी विद्यार्थ्याला बोलावणे धाडले. तो आला, ‘मी सांगितले होते’ असे काही म्हणाला नाही. आम्ही ते वाक्य म्हणण्यासाठी त्याला बराच वेळ दिला, तरीही म्हणाला नाही. प्रोग्रामकडे त्याने पाहिलेही नाही. तो तीनच गोष्टी विचारीत राहिला : मुले जास्तीत जास्त किती होतील, गुणपत्रिका कितीदा काढाव्या लागतील, आणि वाट पाहणारा माणूस किती वेळ थांबू शकतो? पहिल्या दोहोंची उत्तरे आम्ही चटकन दिली. तिसऱ्यावेळी आमच्या डोळ्यांपुढे पायरीवरची टोपली आली.

उपाय इतका साधा की सांगायला संकोच वाटतो. नावे शोधायचीच नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याला १ ते ६४० असा शाळाभर एकच क्रमांक द्यायचा, आणि तक्त्यात त्याच क्रमाने प्रत्येकाच्या सहा-सहा ओळी आधीच आखून ठेवायच्या. दोनशेवा विद्यार्थी म्हणजे त्याच्या आधी १९९ जणांच्या १,१९४ ओळी. तेव्हा त्याचे गुण १,१९५ ते १,२०० या ओळींत असणारच. शोधावे कशाला? यंत्राने ३,८४० ओळी एकदा वाचल्या की झाले. आम्ही वेळ मोजली : सुमारे एक सेकंद. म्हणजे पूर्वी दहा मुलांना जेवढा लागे तेवढाच.

प्रोग्राम नव्याने लिहायला एक संध्याकाळ पुरली. पण शाळेला नवी पद्धत लावायला अर्धे सत्र लागले, आणि खरी मेहनत येथेच पडली. एका वर्षात बावीस शिक्षकांना नाव लिहिण्याची सवय जडली होती. कोणी आपापले छोटे तक्ते त्या नावांवर उभे केले होते. कार्यालयातील फीची यादी नावांवर, सहलीची यादी नावांवर, क्रीडास्पर्धांच्या प्रमाणपत्रांची यादीही आमच्याच तक्त्यावरून उतरविलेली. घाईघाईने आखलेल्या त्या एका रकान्यावर वर्षभरात सगळ्या शाळेने घर बांधले होते. एका ज्येष्ठ बाईंनी तर क्रमांकांना सरळ विरोध केला. मुलांना कैद्यांसारखे नंबर काय देता, म्हणाल्या. त्यांचे म्हणणे आम्हांस मनातून पटले. म्हणून क्रमांकाशेजारी नावही लिहावयाचे ठरले, यंत्रासाठी नव्हे, आपल्यासाठी. पहिल्याच दिवशी क्रमांक ठरविले असते तर हा सारा खटाटोप दहा मिनिटांत आटपला असता, आणि बाईंची समजूतही तेव्हाच काढता आली असती.

मागल्या वर्षी निकाल दहाला होता, तो दहालाच लागला. मासळीची टोपली पुन्हा पायरीशी आली. मुलगी त्या वेळेपावेतो दहावीत गेलेली, पण धाकटा मुलगा सहावीत होता. आम्ही त्याची गुणपत्रिका स्वतः नेऊन आईच्या हाती दिली. तिने चष्म्यावाचून कागद लांब धरला, ओठ हलवीत सहाही आकडे बोटांच्या पेरांवर मोजले, आणि खालच्या बेरजेवर अंगठा टेकविला. ‘बरोबर आसा,’ ती म्हणाली. मग तिने विचारले, यंत्राला किती वेळ लागला? आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले, एक सेकंद.

तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली. ‘मागीर फाटल्या वर्सा तो कितें करतालो?’ मग गेल्या वर्षी तो काय करीत होता?

आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोवर ती फाटकापाशी पोहोचली होती.